बाल्कावात बसलेला अनोळखी माणूस : पणजीत अनधिकार प्रवेशाविरुद्ध स्थानिक नियम आणायचा तर

पणजीच्या फोंताइन्हस या जुन्या, रंगीत घरांच्या वस्तीत राहणाऱ्या कुणालाही विचारा. सकाळी दार उघडावे तर पायरीवर किंवा बाल्कावात, म्हणजे दारापुढच्या बसायच्या जागेत, नवे जोडपे, समोर कॅमेरावाला, आणि ‘एक मिनिट, अंकल’ म्हणून आपल्यालाच आपल्या दारात थांबवलेले. मग संध्याकाळी कट्ट्यावर वाक्य ठरलेले: ‘महापालिकेने आता कायदाच केला पाहिजे.’ तो कायदा कोण करू शकतो, आज असलेल्या कायद्यात किती भागते आणि नवा नियम केलाच तर तो कुणाच्या मुळावर येऊ शकतो, याबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. असा मसुदा उद्या समोर आला तर हरकती-सूचना लिहिताना हाताशी असावेत, एवढाच हेतू. ही माहिती आहे, सल्ला नव्हे. जमिनीचा वाद असेल तर कागदपत्रे घेऊन वकिलाकडेच जा.

अनधिकार प्रवेश म्हणजेच अतिक्रमण ना?

नाही. पण हा घोळ आपल्या भाषेनेच घातला आहे. वर्तमानपत्रात ‘अतिक्रमण’ वाचले की डोळ्यासमोर पदपथावरचा गाडा किंवा शेजाऱ्याने हातभर पुढे सरकवलेला गडगा येतो. दंडविधानाच्या मराठी प्रतीत मात्र कुणाच्या घरात वाईट हेतूने शिरण्यालाही ‘गृह-अतिक्रमण’ म्हणतात. म्हणजे भिंत बांधणारा आणि पायरीवर बसून फोटो काढणारा, दोघांना एकच शब्द.

याचा त्रास प्रत्यक्षात होतो. माझ्या मावशीने ‘माझ्या बाल्कावात अतिक्रमण होते’ असा अर्ज केला, तेव्हा तो बांधकाम पाहणाऱ्या टेबलावर गेला आणि काही आठवड्यांनी ‘जागेवर कोणतेही बांधकाम आढळले नाही’ असे उत्तर आले. उत्तर खोटे नव्हते. इथे पुढे माणूस आत शिरला तर ‘अनधिकार प्रवेश’ आणि जागा बळकावली किंवा बांधकाम केले तर ‘अतिक्रमण’ असे शब्द वापरले आहेत. अर्जातही असेच लिहा.

आज याविरुद्ध कायदाच नाही का?

आहे, आणि जुना आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिचे कलम ३२९ याचसाठी आहे. दुसऱ्याच्या ताब्यातील जागेत गुन्हा करण्याच्या, किंवा ताबेदाराला धमकावण्याच्या, अपमान करण्याच्या वा त्रास देण्याच्या हेतूने शिरणे हा गुन्हा आहे. परवानगीने आत येऊन त्याच हेतूने बेकायदा तिथेच ठाण मांडणे हाही गुन्हाच. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जागा राहते घर, देऊळ-चर्चसारखे प्रार्थनास्थळ किंवा सामान ठेवायची इमारत असेल तर कैद एका वर्षापर्यंत जाते.

जुन्या दंडसंहितेत हीच कलमे ४४७ आणि ४४८ होती. तिथे दंड अनुक्रमे पाचशे आणि हजार रुपये होता. वाढला तो दंड, व्याख्या जवळपास तीच राहिली. घराच्या बाबतीत एक बारकावा लक्षात ठेवा: अख्खा माणूस आत यायला लागत नाही. शरीराचा कुठलाही भाग आत आला तरी तो प्रवेशच. खिडकीतून आत घातलेला हातसुद्धा.

मग पायरीवर फोटो काढणाऱ्यावर गुन्हा का दाखल होत नाही?

कारण सगळा कायदा ‘हेतू’ या एका शब्दावर उभा आहे.

पायरीवरच्या जोडप्याला तुमचा अपमान करायचा नसतो. तुम्ही आहात हेच त्यांच्या गावी नसते. पिवळी भिंत आणि निळी खिडकी दिसली की ते थांबतात. तुम्हाला त्रास होतो हे खरे, पण कलम विचारते ते वेगळेच: त्रास देण्यासाठीच तो माणूस आत आला होता का? मथ्री विरुद्ध पंजाब राज्य या १९६४ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. आपल्या वागण्याने समोरच्याला त्रास होईल हे नुसते माहीत असणे पुरेसे नाही. त्रास देणे हा प्रवेशामागचा उद्देश असल्याचे दिसले पाहिजे.

म्हणून ठाण्यात गेल्यावर हवालदार ‘जाऊ दे हो, टुरिस्ट आहेत’ म्हणतो, तेव्हा तो दरवेळी टाळाटाळच करतो असे नाही. त्याला पुढे न्यायालयात हेतू सिद्ध होणार नाही हे दिसत असते. (टाळाटाळही होते. ती वेगळी ओळखता येते.)

चित्र बदलते ते तुम्ही सांगितल्यावर. ‘ही खाजगी जागा आहे, खाली उतरा’ असे स्पष्ट सांगूनही माणूस हसत तिथेच बसला, उलट बोलला, दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, तर हेतूबद्दल बोलायला काहीतरी हाताशी येते. स्थानिक नियमाला वाव आहे तो याच फटीत. हेतू वाईट नाही, पण माणूस उठतही नाही.

‘प्रवेश निषिद्ध, कायदेशीर कारवाई केली जाईल’ अशी पाटी लावली तर?

लावा, पण तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. ही पाटी मूळ इंग्लंडची. तिथे नुसता अनधिकार प्रवेश बहुतांशी दिवाणी बाब आहे, त्यामुळे खटला भरण्याची ती धमकी तिथेही पोकळच असायची. आपण पाटी उचलली आणि सोबत पोकळपणाही.

तरी पाटी पुराव्याच्या कामाला येते. ‘आम्हाला कळलेच नाही, वाटले कॅफे आहे’ हे उत्तर मग चालत नाही. अमेरिकेतील टेक्ससमध्ये तर १९९७ पासून झाडावर किंवा खांबावर जांभळ्या रंगाचा उभा पट्टा मारला तरी ती प्रवेशबंदीची सूचना मानतात, पाटीची गरजच नाही. आपल्याकडे रंगाला असा कायदेशीर अर्थ नाही. फोंताइन्हसमध्ये तर नियम करतानाही रंगाच्या भानगडीत पडू नये, तिथे सगळ्याच भिंती रंगीत.

महापालिका स्वतः असा कायदा करू शकते का?

कायदा नाही, उपनियम. आणि तोही मूळ कायद्याच्या चौकटीत.

पणजी महापालिका २००२ च्या कायद्याने चालते. म्हापसा, मडगाव, फोंडा अशा तेरा पालिका १९६८ च्या नगरपालिका कायद्याने, आणि १९१ ग्रामपंचायती १९९४ च्या पंचायतराज कायद्याने. मूळ कायद्याने जो विषय सोपवला आहे, तेवढ्यावरच उपनियम करता येतो. मसुदा प्रसिद्ध करायचा, लोकांच्या हरकती घ्यायच्या, सरकारची मंजुरी मिळवायची आणि राजपत्रात छापायचा, तेव्हा तो लागू. सभेत हात वर करून ठराव घेतला म्हणजे नियम झाला, असे नाही. ठरावाची बातमी दुसऱ्या दिवशी ‘कायदा आला’ म्हणून फिरते, ती वाचताना हे ध्यानात ठेवा.

फौजदारी कायदा राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे, त्यामुळे न्याय संहितेच्या व्याख्येला हात लावायचा तर ते काम विधानसभेचे, आणि केंद्रीय कायद्याशी विसंगत तरतूद टिकवायला राष्ट्रपतींची संमती लागते. हे पूर्वी झालेले आहे. उत्तर प्रदेशाने १९६१ मध्ये दंडसंहितेच्या कलम ४४१ मध्ये भर घातली: जागा बळकावण्याच्या किंवा अनधिकृत वापराच्या हेतूने शिरलेला माणूस लेखी नोटीस देऊनही निघाला नाही, तर तोही गुन्हा. आपल्या फटीच्या बरेच जवळ जाणारी ही तरतूद. म्हणजे वाट आहे, फक्त ती महापालिकेच्या जिन्यावरून न जाता पर्वरीला, विधानसभेकडे जाते.

मग महापालिकेच्या हातात उरते काय?

उपद्रव, स्वच्छता, रस्त्याचा आणि पदपथाचा वापर, व्यावसायिक चित्रीकरणाची परवानगी. हे थोडे नाही. फोंताइन्हसचा निम्मा त्रास हौशी पर्यटकाचा नसतोच. रिफ्लेक्टर, कपडे बदलायचा तंबू आणि दोन मदतनीस घेऊन येणाऱ्या लग्नाआधीच्या फोटोशूटवाल्यांचा असतो. तो धंदा आहे. धंद्याला परवाना, वेळ आणि शुल्क लावण्यात पालिकेला अवघड वाटू नये.

मात्र नुसते शुल्क घ्यायचे आणि नियम करायचा नाही, यात फसगत आहे. पर्रा पंचायतीने २०१९ मध्ये माडांच्या त्या प्रसिद्ध रस्त्यावर फोटो काढणाऱ्यांकडून पैसे घ्यायला सुरुवात केली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेल. रस्ता सार्वजनिक, मग फोटोचे पैसे कसले, हा प्रश्न रास्तच होता. रस्त्यावर उभे राहून तुमच्या घराचा फोटो काढणे हा अनधिकार प्रवेश नाही. कितीही राग आला तरी नाही. रस्त्यावरून पायरीवर आला की मामला सुरू होतो.

पर्यटन खात्याचे नियम पुरेसे नाहीत का?

गोव्यात २००१ चा पर्यटनस्थळ संरक्षण कायदा आहे. उघड्यावर दारू पिणे, स्वयंपाक करणे यासाठी २०१९ मध्ये त्यात दुरुस्ती करून दंड आणला: तेव्हा एकट्याला दोन हजार, टोळक्याला दहा हजार. जानेवारी २०२३ मध्ये खात्याने सूचनापत्रही काढले, परवानगीशिवाय अनोळखी लोकांचे फोटो काढू नका म्हणून. पण या सगळ्याचा रोख किनाऱ्याकडे आणि पर्यटनस्थळाकडे. आमची अडचण अशी की, आमचे घर पर्यटनस्थळ नाही. लोकांना तसे वाटते, एवढेच.

नियम झालाच तर त्यात काय असावे?

माझे मत विचाराल तर तो अगदी अरुंद असावा. राहत्या घराची पायरी, बाल्काव, व्हरांडा, अंगण आणि गेटच्या आतली जागा, बस्स. ताबेदाराने किंवा घरातल्या सज्ञान माणसाने एकदा जायला सांगितले आणि समोरचा हलला नाही, तरच दंड. आधी सांगणे ही अट काढून टाकली तर उद्या चुकीच्या घरी पार्सल घेऊन आलेल्या पोरालाही पावती फाटेल. कैद नको. रक्कम जागेवर वसूल होईल अशी हवी, नाहीतर चार दिवसांत विमानाने परत जाणाऱ्या माणसाला नोटीस पाठवण्यात काय अर्थ?

आणि शेते, भाटे (माडांच्या बागा), खाजने (खाडीकाठची बांद घातलेली शेतजमीन), डोंगर यांना हा नियम लावूच नये. यावर माझा सर्वांत जास्त भर आहे.

शेते-भाटे का वगळायची? तिथेही लोक शिरतातच की.

कारण गोव्यात दुसऱ्याच्या जागेतून जाणे हा गुन्हा नसून बहुतेक ठिकाणी रिवाज आहे, आणि त्यावर माणसांची पोटे आहेत. रेंदेर सूर काढायला दुसऱ्याच्या माडावर चढतो. पाडेली नारळ पाडायला भाटभर फिरतो. खाजनाच्या बांदावरून गाव जातो-येतो, मानशीपाशी, म्हणजे बांदातल्या पाण्याच्या दारापाशी, मासे पकडले जातात. शिगम्याचा मेळ अंगणाअंगणात येतो, चतुर्थीला घुमट-आरतीवाले रात्री अकराला दार वाजवतात. आणि २४ जूनला, सां जांवच्या दिवशी, पोरे डोक्यावर पानाफुलांचे मुकुट घालून दुसऱ्याच्या विहिरीत उड्या मारतात. विहीर मालकाची, उडी गावाची. कुणी तक्रार केल्याचे ऐकले नाही, उलट फेणी आणि फळे देतात.

सरसकट ‘खाजगी जागेत प्रवेश बंद’ असा नियम आला, तर तो आधी वापरेल कोण? दहा वर्षांपूर्वी डोंगर विकत घेऊन साखळी कुंपण घालणारा. पणजीसाठी केलेला नियम शेजारच्या पंचायतींनी जसाच्या तसा उचलला, तर हे दूरचे भय राहणार नाही.

कुंपणाने आमची जुनी पायवाट अडली आहे. आम्ही त्यातून गेलो तर गुन्हेगार ठरू का?

प्रामाणिकपणे हक्क आहे असे समजून गेलात तर फौजदारी हेतू सिद्ध करणे कठीण. पण कुंपण तोडू नका, ते वेगळे कलम ओढवते. शेतीच्या जमिनीकडे जाणारी रूढीची वाट किंवा पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवला असेल तर १९६६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली मामलेदाराकडे दाद मागता येते. तिथे उशीर करू नका. जुने सर्व्हे नकाशे आणि वाट वापरणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या साक्षी आधीच गोळा करा.

घर माझ्या नावावर आहे. माझ्याच घरात शिरलो तर अनधिकार प्रवेश कसा होईल?

होऊ शकतो. कलमात ‘मालकी’ हा शब्द नाही, ‘ताबा’ आहे. भाडेकरू राहत असेल तर ताबा त्याचा, आणि तुम्ही धमकावण्यासाठी आत घुसलात तर आरोपी तुम्ही. मुंडकाराच्या, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीतल्या घरात राहणाऱ्याच्या, बाबतीत तर १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा पाठीशी उभा आहे. भाटकाराने, म्हणजे जमीनमालकाने, कागद दाखवून त्याला ‘घुसखोर’ म्हटले म्हणून तो घुसखोर होत नाही. एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीच्या, उताऱ्यावर कब्जेदाराच्या रकान्यात तुमचे नाव असले तरी कुळाचा आणि इतर हक्कांचा रकाना वाचल्याशिवाय पाऊल टाकू नका.

जून २०२४ मध्ये आसगावात बाउन्सर आणि जेसीबी आणून राहत्या घराचा भाग पाडल्याचे प्रकरण सगळ्या गोव्याने पाहिले. जमीन कुणाची हा वाद न्यायालयात सुटेल न सुटेल, पण ताबा असलेल्या माणसाला अशा रीतीने बाहेर काढता येत नाही. जबरदस्तीने ताबा गेलाच तर १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावता येतो, आणि तिथे मालकीचा प्रश्न काढताच येत नाही. सरकारविरुद्ध मात्र हे कलम चालत नाही. ताब्यावरून दोन्ही बाजू मारामारीवर आल्या असतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६४ खाली कार्यकारी दंडाधिकारी हस्तक्षेप करतो.

आम्ही सगळे मुंबईत नाहीतर पोर्तुगालमध्ये. गावचे घर बंद आहे.

घराला कुलूप लावले म्हणून ताबा जात नाही, पण ताबा सिद्ध करायला काहीतरी दाखवावे लागते. घरपट्टी आणि वीजबिल नियमित भरा. शेजाऱ्याला किल्ली आणि त्याचबरोबर तुमच्या सहीचे पत्र द्या, नुसती किल्ली नको. वर्षातून एकदा एक-चौदा काढून नावे तपासा. बनावट कागदांनी अशीच घरे आणि जमिनी लाटल्या गेल्या म्हणून तर २०२२ मध्ये सरकारला विशेष तपास पथक आणि निवृत्त न्यायमूर्तींचा आयोग नेमावा लागला. ते प्रकार अनधिकार प्रवेशाच्या फार पुढचे, फसवणुकीचे. पण सुरुवात बहुधा कुणीतरी परसात शिरून बघण्यापासूनच होते.

खाजगी किनारा असतो का?

नाही. हॉटेलचा रखवालदार वाळूवरून हाकलत असेल तर त्यालाच कागद मागा.

दूधसागर धबधब्याला रुळांवरून चालत गेलेल्यांना उठाबशा काढायला लावल्या होत्या. तो कोणता कायदा?

उठाबशांचा कायदा कुठेच नाही, पण रुळांवरून चालण्याविरुद्ध १९८९ च्या रेल्वे कायद्याचे कलम १४७ आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड. जुलै २०२३ मध्ये पावसाळी गर्दी इतकी झाली की दक्षिण-पश्चिम रेल्वेला या कलमाची जाहीर आठवण करून द्यावी लागली. गंमत अशी की, इथे हेतू विचारला जात नाही. शिरलात एवढे पुरे. अभयारण्यांचेही तसेच. म्हादई किंवा नेत्रावळीच्या जंगलात परवानगीविना जाणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे. आपण घराच्या पायरीसाठी जो कडक नियम मागतो तो रुळांना आणि रानाला आधीच आहे.

घरात शिरलेल्याला मी स्वतः बाहेर काढू का?

मालमत्तेचे रक्षण करण्याचा हक्क न्याय संहितेत आहे, आणि त्यात फौजदारी अनधिकार प्रवेशाचे नावही आहे. पण गरजेपेक्षा जास्त बळ वापरता येत नाही, आणि पोलिसांना बोलवायला वेळ असेल तर हा हक्क उरत नाही. पायरीवर बसलेल्या माणसाला कोयता दाखवलात तर पुढची तक्रार तो करेल, आणि ती जास्त ठोस असेल. पाण्याची बादली? विचार करू नका. मनात सगळ्यांच्याच येते.

तक्रार करताना काय हाताशी ठेवू?

११२ ला फोन करा. माणूस तिथे असतानाच फोटो किंवा व्हिडिओ घ्या, आणि त्यात तुम्ही ‘खाली उतरा’ म्हणताना ऐकू आले पाहिजे. तेच सर्वांत महत्त्वाचे. गाडीचा क्रमांक टिपा. भाड्याची गाडी असेल तर काळी पाटी असते, मालक सापडतो. हा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना न्यायालयाची परवानगी न घेता नोंदवता येतो. पण जामीनपात्रही आहे, तेव्हा कुणी रात्रभर कोठडीत बसेल ही आशा सोडा. तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते. इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. ठाण्यात घेतलीच नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, त्यानंतर दंडाधिकाऱ्याकडे जाता येते. आणि समोरच्याने माफी मागितली तर ताबेदाराला प्रकरण मिटवण्याचीही मुभा आहे.

खिडकीतून घरातल्या बाईचे खाजगी क्षणातले चित्रण केले असेल तर ३२९ वर थांबू नका. कलम ७७ चा उल्लेख तक्रारीत करा, ते फार गंभीर आहे.

होमस्टेचा पाहुणा मुदत संपूनही जात नाही.

आत येताना परवानगी होती म्हणून थेट गुन्हा ठरत नाही. मुदत संपल्याचा लेखी संदेश पाठवा, उत्तर जपून ठेवा. तुमचा होमस्टे पर्यटन खात्याकडे नोंदलेला नसेल तर पोलिसांना बोलावण्याआधी दोनदा विचार करा, पहिला प्रश्न तुम्हालाच येईल.

आणि गाय शिरली तर?

तिला हेतू नसतो. कोंडवाड्याला कळवा.

हरकत मराठीत लिहिली तर चालते का?

चालते. १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा आहे आणि मराठीलाही सरकारी कामकाजात स्थान आहे. ‘कायदा करा’ एवढेच लिहू नका. तुमच्या दारात काय होते, कुठल्या तारखांना, किती वेळा, आणि नियमातला कुठला शब्द बदलायला हवा, ते लिहा. भाटातली पायवाट असेल तर तिचाही उल्लेख करा, सर्व्हे नंबरसकट. दोन प्रती न्या आणि एकीवर आवकचा शिक्का मारून घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.